बोट ठेवाल तिथं कागद हवा : उमेदवारांच्या जीवनपटाविषयी वाचकांचे प्रश्न

निवडणूक जवळ आली की उमेदवारांची आयुष्यं मोबाइलच्या पडद्यावर येऊ लागतात. बोटानं सरकवायची कालरेषा, दाबल्यावर मोठे होणारे जुने फोटो, सहकाऱ्यांचे आवाज, नकाशावरचे ठिपके. इंदूरमध्ये महाविद्यालयीन गट, मोहल्ल्याची छोटी साप्ताहिकं आणि काही हौशी मंडळीही आता असे इंटरॅक्टिव्ह जीवनपट करू लागली आहेत. गेल्या अंकात याविषयी प्रश्न मागवले होते. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही पत्रकारितेचे पाच विद्यार्थी. आमच्या विधानसभा मतदारसंघातल्या उमेदवारांची कालरेषा करायची आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (भंवरकुआं)

सॉफ्टवेअरचा विचार शेवटच्या आठवड्यात करा. पहिले दोन आठवडे फक्त एक तक्ता भरा. एका ओळीत एकच घटना. रकाने असे ठेवा : वर्ष, महिना, दिवस, घटना, ठिकाण, पुरावा, पुरावा कुठं ठेवला आहे, कोणी तपासलं, शंका. शेवटचे तीन रकाने वाचकाला दिसणार नाहीत, पण सगळं काम त्यांच्यावरच उभं असतं. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पडद्यावर जाणार नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करून टाका. बातमी छापील असेल तर चुकीचं वाक्य परिच्छेदात दडून जातं. इथं प्रत्येक घटनेला स्वतःचा ठिपका मिळतो, वाचक त्यावर बोट ठेवतो आणि आपण जणू शिक्का मारून दिल्यासारखं ते खरं मानतो.

तारखांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. नुसतं वर्ष माहीत असेल तर महिना आणि दिवस रिकामे ठेवा. 'काहीतरी टाकायला हवं' म्हणून १ जानेवारी लिहू नका. नंतर ती खोटी तारीख खरी होऊन बसते. जन्मतारखेला तर विशेष जपा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जुलै लिहून टाकलेली मंडळी खूप आहेत. निवडणुकीच्या शपथपत्रात जन्मतारीख नसते, फक्त वय असतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा. निवडणुकांत पाच वर्षांचं अंतर आणि वयात तीन किंवा सातचं, असं दिसलं तर उमेदवाराला लेखी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत फक्त 'शपथपत्रानुसार वय' असं लिहा.

आता एक उदाहरण घेऊ. सुमित्रा महाजन, म्हणजे आपल्या ताई, यांचा सार्वजनिक प्रवास नोंदलेला आहे. जन्म १२ एप्रिल १९४३, चिपळूण. १९८२ मध्ये इंदूर महापालिकेत नगरसेविका, १९८४ मध्ये उपमहापौर. १९८९ मध्ये पहिल्यांदा लोकसभेत, मग १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ : सलग आठ विजय. जून २०१४ पासून २०१९ पर्यंत लोकसभेच्या अध्यक्ष. हे आठ विजय समान अंतरावरच्या आठ ठिपक्यांनी दाखवले तर चित्र सुबक दिसेल आणि चुकीचं होईल. १९९६ ते १९९९ या काळात तीन निवडणुका झाल्या, कारण लोकसभा मुदतीआधीच बरखास्त होत होती. कालरेषा खऱ्या मोजमापाची ठेवली तर ते तीन ठिपके एकमेकांना चिकटतात, आणि नव्या मतदाराला त्या वर्षांची धावपळ न सांगता कळते. याउलट १९४३ ते १९८२ हा पट्टा रिकामा दिसतो. तो बालपणीच्या गोड आठवणींनी भरायचा मोह होतो. भरू नका. रिकाम्या जागेवर 'या काळाची कागदोपत्री नोंद आम्हाला मिळालेली नाही' असं एक वाक्य दिलं की पुरे.

साधन म्हणाल तर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचं 'टाइमलाइन-जेएस' मोफत आहे आणि गूगल शीटवर चालतं. त्यांचा नमुना तक्ता उघडून स्वतःची प्रत करा, ओळी भरा, 'पब्लिश टू वेब' करा आणि मिळालेला पत्ता त्यांच्या पानावर चिकटवा. हमखास अडतं ते इथं :

पहिलं, वर्षाच्या रकान्यात देवनागरी अंक चालत नाहीत. संगणकाला '१९८९' ही संख्या वाटत नाही. वर्ष, महिना, दिवस हे तीन रकाने इंग्रजी अंकांत. मजकुरात मात्र खुशाल मराठी अंक वापरा.

दुसरं, वरच्या ओळीतली रकान्यांची नावं बदलू नका, त्यांचं मराठीही करू नका. सॉफ्टवेअर ती नावं वाचूनच काय कुठं घ्यायचं ते ठरवतं. तुमचे जास्तीचे रकाने, म्हणजे पुरावा, शंका वगैरे, वेगळ्या खासगी शीटमध्ये ठेवा. 'पब्लिश' केलेली शीट सगळ्या जगाला दिसते, आणि 'या साक्षीदाराचा भरवसा नाही' अशी तुमची नोंद तिथं राहिली तर मोठीच पंचाईत.

तिसरं, चौकटी, म्हणजे एकेका घटनेच्या स्लाइड, जास्त करू नका. नाइट लॅबचाच सल्ला वीसच्या आत राहायचा आहे. आम्ही विधानसभेच्या उमेदवाराला बारा ते पंधरा सांगू, आणि प्रत्येकीत ४० ते ५० शब्द. मोबाइलवर त्याहून लांब मजकूर फोटोच्या खाली लोंबतो आणि कोणी वाचत नाही.

प्रश्न : तीन निवडणुकांची शपथपत्रं घेऊन 'संपत्ती किती वाढली' असा हलता आलेख करायचा आहे. आकडे तर सरकारीच आहेत, मग चूक कुठं होणार? (सुदामा नगर)

आकडे सरकारी नाहीत, उमेदवाराचे आहेत. आयोग ते फक्त प्रसिद्ध करतो. ही ओळ आलेखाच्या खाली नको, वरच हवी.

थोडी पार्श्वभूमी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण शपथेवर सांगणं बंधनकारक झालं. आपल्या मध्य प्रदेशात डिसेंबर २००३ च्या विधानसभेआधीची अशी तुलना म्हणूनच करता येत नाही. लोकसभा-विधानसभेचं शपथपत्र 'नमुना २६' वर असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. महापालिकेच्या उमेदवारांचं राज्य निर्वाचन आयोगाकडे, आणि त्याचा नमुना वेगळा. एकाच माणसाचं २०२२ चं महापालिकेचं आणि २०२३ चं विधानसभेचं शपथपत्र एका रेषेनं जोडाल तर दोन वेगळे तक्ते जोडलेले असतील.

नमुना २६ स्वतःही बदलला आहे. २०१८-१९ मधल्या दुरुस्त्यांनंतर पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न, हिंदू अविभक्त कुटुंबाची मालमत्ता, परदेशातली मालमत्ता हे आलं. गुन्ह्यांच्या रकान्याचंही तसंच. आधीच्या नमुन्यात आरोप निश्चित झालेले किंवा न्यायालयानं दखल घेतलेले खटले विचारले जात. आता प्रलंबित प्रकरणं एफआयआर क्रमांकासकट द्यावी लागतात. त्यामुळे '२०१३ मध्ये १, २०२३ मध्ये ४' याचा अर्थ दर वेळी तीन नवे गुन्हे असा होत नाही. आलेखात त्या ठिकाणी उभी तुटक रेघ मारा आणि 'इथं नमुना बदलला' असं लिहा.

मालमत्तेचं गणित बारकाईनं पाहू, कारण मथळे इथूनच निघतात. समजा एका उमेदवाराची २०१३ ची एकूण मालमत्ता ४० लाख आणि २०२३ ची १ कोटी ३० लाख. 'तिपटीहून जास्त' हा मथळा तयार. आता स्थावर मालमत्तेचा तक्ता उघडा. तिथं प्रत्येक मिळकतीपुढं खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, बांधकामावरचा खर्च आणि आजचा अंदाजे बाजारभाव असे रकाने आहेत. वारसानं आलेली की स्वतः घेतलेली, हेही आहे. याच उमेदवाराचं घर दोन्ही वेळी तेच असेल, आणि त्याचा बाजारभाव २५ लाखांवरून १ कोटीवर गेला असेल, तर ९० लाखांच्या वाढीतले ७५ लाख भिंती न हलता आलेले आहेत. म्हणून एकच स्तंभ काढू नका. तीन रंगांचे तीन थर करा : आधीपासूनच्या मिळकतीचा वाढलेला भाव, नव्यानं घेतलेलं, आणि रोख-ठेवी-दागिने-वाहनं. वाचकानं थरावर बोट ठेवलं की शपथपत्राचं तेच पान उघडायला हवं. आमच्या मते या सगळ्या प्रकारात इतकं उपयोगी दुसरं बटण नाही.

देणी वजा करायला विसरू नका, पण निव्वळ आकडाच तेवढा दाखवू नका, दोन्ही द्या. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचे रकाने दोन्ही वर्षांत भरलेले आहेत ना, ते पाहा. मधल्या काळात मुलगा कमावता झाला की तो अवलंबित राहत नाही आणि त्याची मालमत्ता तक्त्यातून निघून जाते. संपत्ती 'कमी' झाल्याचं हेही एक कारण असतं.

रिकामे रकाने. मध्य प्रदेशातल्या हिंदी शपथपत्रांत 'निरंक' हा शब्द सारखा भेटेल. 'निरंक', 'लागू नाही', 'माहिती नाही' आणि नुसतीच कोरी जागा या चार वेगळ्या गोष्टी आहेत. रकाना कोरा ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्त्यात या चारही ठिकाणी शून्य टाकलंत तर आलेख खोटं बोलेल. चार वेगळे संकेत ठेवा आणि बेरजेत फक्त 'निरंक'ला शून्य धरा.

बहुतेक शपथपत्रं म्हणजे स्कॅन केलेली पानं. त्यांतले आकडे संगणकानं वाचून घ्यायला हरकत नाही, पण देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांत तो हमखास गोंधळतो, आणि पुसट शिक्क्याखालचं शून्य गिळून टाकतो. दोघांनी स्वतंत्रपणे हातानं आकडे भरावे, मग दोन तक्ते एकमेकांतून वजा करावे. जिथं उत्तर शून्य येत नाही तिथं मूळ पान पुन्हा पाहावं. एका उमेदवाराला दोन-अडीच तास लागतात. एकाच उमेदवाराची एकाहून जास्त शपथपत्रंही संकेतस्थळावर दिसतात. शेवटचं वापरा, आधीचं जपून ठेवा.

आलेख काढण्याआधी सगळे आकडे लाखांत करून घ्या. परदेशी सॉफ्टवेअर १,२५,००,००० ला तीन-तीन अंकांचे गट पाडतं, आणि आपला वाचक तो आकडा वाचतच नाही. '१२५ लाख' हे सगळ्यांना कळतं. शिवाय आलेख काढण्याच्या मोफत सुविधांपैकी 'फ्लरिश'मध्ये फुकट खात्यावर केलेलं काम आणि त्यामागचा तक्ता सार्वजनिक असतो, हे ध्यानात ठेवून काम अर्धवट असताना तिथं काही चढवू नका.

शपथपत्राचं पान दाखवताना फोन, घर क्रमांक, पॅन झाकून घ्या. पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढला तर खालचा मजकूर कॉपी करून वाचता येतो. पानाचं चित्र करा, चित्रावर काळं करा, आणि तेच चित्र चढवा.

प्रश्न : उमेदवाराच्या आयुष्यातल्या जागा नकाशावर दाखवताना काय जपावं? आमचा एक ठिपका थेट समुद्रात गेला होता. (महू)

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली असणार. इंदूर साधारण २२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. गूगल नकाशा आधी अक्षांश देतो, तर नकाशांच्या जिओजेसन फाइलीत आधी रेखांश लिहायचा असतो. उलटं झालं की राजवाडा उत्तर ध्रुवाकडं, स्वालबार्डजवळच्या समुद्रात जातो. सोपी तपासणी : आपल्या भागात मोठा आकडा नेहमी रेखांशाचा.

तुम्ही महूचे आहात म्हणून दुसरी चूकही सांगतो. इंदूर जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत, पण इंदूर लोकसभेत आठच येतात : देपालपूर, इंदूर १ ते ५, राऊ आणि सांवेर. महू धार लोकसभेत आहे. जिल्ह्याचा नकाशा लोकसभेचा म्हणून वापरलेला आम्ही वारंवार पाहतो. आणि २००८ ची मतदारसंघांची पुनर्रचना विसरू नका. नोव्हेंबर २००८ ची विधानसभा आणि २००९ ची लोकसभा नव्या सीमांवर झाली. १९९८ किंवा २००३ चा विजय आजच्या सीमांवर रंगवला तर ज्या मोहल्ल्यानं त्या उमेदवाराला कधी मतच दिलेलं नाही तोही रंगतो. जुन्या निवडणुकीला रंग भरू नका, मतदारसंघाच्या नावासह नुसता ठिपका द्या.

देशाच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात. चुकीच्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी पार्श्वनकाशा वापरत असाल तर लहान-मोठा करण्याची मर्यादा शहरापुरतीच बांधून टाका, म्हणजे वाचकाला मागं सरकून सीमेपर्यंत जाताच येणार नाही.

सध्याचं राहतं घर दाखवू नका. मोहल्ला पुरे. मुलांची शाळा तर नाहीच.

प्रश्न : जुन्या सहकाऱ्यांचे आवाज आणि घरातले फोटो गोळा केले आहेत. आवाज खरखरीत येतो आणि फोटोंवर चमक येते. (राजेंद्र नगर)

आवाजाची तक्रार माइकपेक्षा खोलीमुळे असते. मे महिन्यात कूलर आणि पंखा बंद करायला कोणी तयार नसतं, पण ते बंद केल्याशिवाय बोलणं स्वच्छ येणार नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा आणि मध्ये पंखा लावा. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा. फरशीच्या रिकाम्या दिवाणखान्यात आवाज घुमतो. फोन किंवा माइक तोंडापासून एक वीत, समोर धरण्याऐवजी जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. सुरुवातीला तीस सेकंद कोणीही न बोलता खोलीची शांतता टिपून ठेवा. नंतर मधलं वाक्य कापलं की तिथं खड्डा पडल्यासारखा ऐकू येतो. तो याच शांततेनं भरायचा. आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळती ठेवा. शून्याला भिडलेला आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही.

मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या फाइलमध्येच जपा. पानावर चढवताना मोनो, ६४ केबीपीएसची एमपी-३ करा : मिनिटाला साधारण ४८० केबी. एका तुकड्याला ४५ सेकंद भरपूर झाले. आपोआप वाजणारा आवाज ठेवू नका. ब्राउझर तो अडवतातच, आणि वाचकही दचकतो. स्पष्ट बटण द्या, शेजारी सेकंद लिहा, खाली संपूर्ण बोलणं अक्षरात द्या. इंदूरचा ज्येष्ठ कार्यकर्ता एका वाक्यात मराठी, हिंदी आणि माळवी बोलतो. ते तसंच राहू द्या. खाली मराठी अर्थ द्या, पण त्यांचं वाक्य सुधारून लिहू नका. काय वापरणार आणि कुठं, याची संमती त्याच ध्वनिमुद्रणात घेऊन ठेवा.

फोटोंचं आता. अल्बममधला फोटो मोबाइलनं टिपण्यापेक्षा फ्लॅटबेड स्कॅनर बरा. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० बिंदूंचं चित्र मिळतं. गर्दीतला एक चेहरा मोठा करून दाखवायला तेवढं लागतंच. भिंतीवरचा फोटो काचेतून टिपावा लागला तर फ्लॅश बंद करा, प्रकाश बाजूनं ४५ अंशांवर येऊ द्या आणि समोरच्या खिडकीवर गडद चादर टाका. पानासाठी १२०० बिंदू रुंदीची, दीडशे केबीच्या आसपासची प्रत वेगळी काढा.

फोटोची मागची बाजू जरूर स्कॅन करा. स्टुडिओचा जांभळा शिक्का, पेन्सिलनं लिहिलेलं साल, कोणाची तरी तिरकी सही, चिकटवलेल्या काळ्या कागदाचा फाटका कोपरा, यांतूनच तारीख सापडते. घरचे सांगतात 'हा आंदोलनातला फोटो आहे', आणि मागच्या शिक्क्यावर कोणाच्या तरी लग्नाचं वर्ष निघतं. वाचकाला फोटो उलटून पाहता येईल असं बटण दिलं तर फारच उत्तम. त्याला इंटरॅक्टिव्ह म्हणायला अर्थ आहे.

समूहाच्या फोटोतून उमेदवार एकटा कापून काढू नका. आधी पूर्ण चौकट, मग त्यातला चेहरा. तो मध्यभागी होता की कडेला उभा होता, हीसुद्धा माहितीच आहे. आणि अल्बम ज्याच्या घरी आहे तो फोटोचा हक्कदार असतोच असं नाही. आपल्या कायद्यानं छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. स्टुडिओ चालू असेल तर विचारा, आणि श्रेय फोटोखालीच द्या.

प्रश्न : मजकूर मोबाइलवर तुटका दिसतो. (लोकमान्य नगर)

अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सेटिंग काढून शून्य करा. इंग्रजी मथळ्यांसाठी केलेली ती सोय देवनागरीची शिरोरेखा तोडते. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. जुना मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्या' हे तीन नजरेनं तपासा. 'दुसऱ्या', 'कार्यकर्त्यांच्या' हे शब्द शोधून पाहिले की चटकन कळतं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी सांगा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, त्यांत ते मग आपोआप येतात.

प्रश्न : पानाखाली 'तुमचं मत कुणाला?' असं बटण ठेवलं तर वाचक वाढतील का? (विजय नगर)

वाढतील, पण ठेवू नका. अशा कौलात एकच माणूस दहा वेळा बोट दाबतो, पक्षाचे गट लिंक वाटून आकडा फुगवतात, आणि तुम्ही मेहनतीनं जमवलेल्या कागदांशेजारी तो फुगलेला आकडा तितकाच खरा दिसू लागतो. कायद्याचंही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणी आणि तत्सम माध्यमांतून निवडणूकविषयक मजकूर दाखवता येत नाही, आणि १२६-क नुसार मतदानोत्तर कौलावर ठरलेल्या काळात बंदी असते. जीवनपट मतदानाच्या किमान आठवडाभर आधी पूर्ण करा. त्या ४८ तासांत नवं काही चढवू नका, जुनं पुढं ढकलत राहू नका. चूक सापडली तर मात्र लगेच दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख लिहा.

उमेदवाराच्या खासगी वागण्याविषयीचं खोटं विधान निकालावर परिणाम करण्यासाठी प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे. पडद्यावरचा दीड ओळीचा मजकूरसुद्धा त्यात येतो.

प्रश्न : एका उमेदवाराच्या कार्यालयानं पेनड्राइव्ह भरून फोटो-व्हिडिओ दिले. दोन अपक्षांकडे काहीच नाही. मग पान एकतर्फी दिसतं. (परदेशीपुरा)

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छापील पानावर सर्वांना सारखे दोनशे शब्द देता येतात. इथं ज्याच्याकडे सामग्री जास्त त्याचं आयुष्य मोठं दिसतं, आणि सामग्री बहुधा पैशाच्या मागं येते.

उपाय दोन थरांचा. पहिला थर सगळ्यांना अगदी सारखा : एकाच मापाचा एक फोटो, आणि शपथपत्र व निवडणूक नोंदींतून प्रत्येकाबद्दल भरता येतील अशा दहा-बारा गोष्टी. वय, शिक्षण, व्यवसाय, आधीच्या निवडणुका व मिळालेली मतं, मालमत्ता, देणी, प्रलंबित प्रकरणं. फोटो नसेल तर तुम्ही स्वतः जाऊन काढा, सगळ्यांचे एकाच प्रकाशात आणि एकाच अंतरावरून. दुसऱ्या थरात आवाज, अल्बम, व्हिडिओ. तिथं प्रत्येक वस्तूवर 'उमेदवाराकडून मिळालेलं' किंवा 'आम्ही टिपलेलं' अशी पट्टी लावा, आणि सर्वांना मर्यादा एकच ठेवा, उदाहरणार्थ सहा फोटो आणि दोन आवाज. पेनड्राइव्हमध्ये चारशे असले तरी सहाच. ड्रोनचे व्हिडिओ आणि पार्श्वसंगीत लावलेल्या चित्रफिती घेऊच नका. त्या प्रचाराच्या असतात. अपक्षासाठी तुम्ही स्वतः अर्धा दिवस द्या : त्याचं दुकान, त्याची गल्ली, त्याच्या शेजाऱ्याचा आवाज.

क्रम ठरवताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं प्रसिद्ध केलेल्या अंतिम यादीचा, म्हणजे नमुना ७-क चा क्रम पाळा. मग वाद राहत नाही.

माघारीची तयारीही आधीच ठेवा. इंदूरला हे सांगायला नको. २९ एप्रिल २०२४ ला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतला आणि पुढं 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली. अशा वेळी त्या उमेदवाराचं पान काढून टाकू नका. वर ठळक पट्टी द्या, 'अमुक तारखेला अर्ज मागं घेतला', कालरेषेत तोच शेवटचा ठिपका करा, आणि तुलनेच्या तक्त्यातून नाव खाली वेगळ्या गटात न्या. तक्त्यात सुरुवातीलाच 'सद्यस्थिती' असा रकाना ठेवला असेल, उभा, माघार, अर्ज बाद, तर हे काम पाच मिनिटांचं. नसेल तर रात्रभर प्रत्येक पान हातानं बदलत बसावं लागतं आणि कुठंतरी जुनं नाव राहूनच जातं.

प्रश्न : हे सगळं पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतं का? (जुनी इंदूर)

आपोआप टिकत नाही. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या सुमारास तिकडच्या मोठ्या वृत्तपत्रांनी उमेदवारांचे जीवनपट 'फ्लॅश' या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केले होते. अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं, १२ जानेवारी २०२१ पासून त्यातली सामग्री चालवणंही थांबवलं, आणि ती पानं एका झटक्यात करड्या चौकटी झाली. त्यांतला मजकूरसुद्धा फ्लॅशच्या आतच कोंडलेला होता.

म्हणून मजकूर साध्या पानावर हवा आणि कालरेषा त्याच्या वर; कालरेषा उघडली नाही तरी खाली सगळ्या घटना तारखेनुसार वाचता याव्यात. गूगल शीटवर अवलंबून असाल तर निवडणूक संपल्यावर तिची सीएसव्ही, म्हणजे कुठंही उघडणारी साध्या मजकुराची प्रत काढा. ज्या विद्यार्थ्याच्या खात्यावर ती शीट आहे तो शिकून बाहेर पडला आणि खातं बंद झालं की कालरेषाही जाते, तेव्हा शीट संस्थेच्या खात्यावर ठेवा. शपथपत्रांच्या मूळ पीडीएफ, वेव्ह फाइली, ६०० डीपीआयचे स्कॅन आणि संमतीची ध्वनिमुद्रणं दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवा. फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि तारखेपासून सुरू करा : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग मतदारसंघाचा क्रमांक. इंदूर-१ चा २०४, राऊचा २१०. पुढच्या खेपेला हे काम करणारी मुलं दुसरी असतील. त्यांना विचारायला तुम्ही जवळ नसाल, तरी फाइल सापडली पाहिजे.